मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि टोरिक लेन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या एका नेत्र रुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात, त्याआधीची डोळ्यांची मोजमापं माझ्याकडे असतात. लेन्स ठरवायला बसलेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न "कुठल्या कंपनीची?" आणि दुसरा "कितीला पडेल?" हा ठरलेला. टोरिक, म्हणजे सिलिंडर नंबरही भरून काढणाऱ्या कृत्रिम लेन्सच्या बाबतीत खरा महत्त्वाचा प्रश्न "मोजलंय कसं?" हा आहे, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. म्हणून खाली मोजमापांची उत्तरं जरा लांबली आहेत.

सिलिंडर नंबर म्हणजे नेमकं काय? मोतीबिंदू काढला की तो जात नाही का?

डोळ्याच्या अगदी पुढे काचेसारखा पारदर्शक कॉर्निया असतो. तो सगळ्या दिशांनी सारखा गोल असला तर प्रकाश एका बिंदूत येतो. पुष्कळांचा तसा नसतो. जेवणाच्या चमच्याची पाठ पाहा, लांबीच्या बाजूने बाक कमी आणि रुंदीच्या बाजूने जास्त असतो. कॉर्नियाला असे दोन वेगळे बाक असले की प्रकाश दोन वेगळ्या ठिकाणी फोकस होतो आणि अक्षरांच्या एका बाजूला सावली पडल्यासारखी दिसते. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरचे लाल आकडे पसरतात, ३ आणि ८ मधला फरक कळत नाही. याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात. चष्म्याच्या दुकानात त्यालाच सिलिंडर नंबर म्हणतात.

मोतीबिंदू होतो तो कॉर्नियाच्या मागे, डोळ्याच्या आतल्या नैसर्गिक लेन्समध्ये. ऑपरेशनमध्ये ती गढूळ झालेली लेन्स काढून कृत्रिम लेन्स बसवतात. कॉर्निया होता तसाच राहतो. त्यामुळे साधी लेन्स बसवली तर धुरकटपणा जातो, रंग उजळतात, पण कॉर्नियाचा सिलिंडर उरतोच. "ऑपरेशन झालं, तरी लांबचं साफ का नाही?" असं विचारत परत येणाऱ्यांत असे बरेच जण असतात. ऑपरेशन बिघडलेलं नसतं. हा भाग आधी कुणी नीट सांगितलेला नसतो, एवढंच.

चष्म्याच्या कागदावर सिलिंडर लिहिलाय. म्हणजे मला टोरिकच लागणार?

नाही, तो कागद इथे पुरेसा नाही. चष्म्याचा सिलिंडर हा कॉर्निया आणि आतली लेन्स या दोघांचा मिळून असतो. आतली लेन्स तर काढून टाकायची आहे, म्हणजे तिचा वाटा तिच्याबरोबर जाणार. उरणार फक्त कॉर्नियाचा. काहींच्या चष्म्यात मोठा सिलिंडर असतो आणि कॉर्निया मोजला तर जवळजवळ गोल निघतो. अशांना टोरिकची गरजच नसते. उलटंही होतं. चष्म्यात सिलिंडर नाही, कारण आतली लेन्स कॉर्नियाचा दोष इतकी वर्षं झाकत होती. मोतीबिंदू काढला की तो उघडा पडतो. "आधी नव्हता, ऑपरेशनने आला" असा आरोप मग डॉक्टरांवर होतो.

मोतीबिंदूच्या साधारण तिघांपैकी एका रुग्णाच्या कॉर्नियात १ डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त सिलिंडर सापडतो. टोरिकचा विचार साधारण तिथून सुरू होतो. दिशाही पाहावी लागते. तरुणपणी कॉर्नियाचा बाक बहुधा उभ्या दिशेत जास्त असतो, वय वाढतं तसा तो आडव्या दिशेकडे झुकतो. आडव्या दिशेचा सिलिंडर पुढेही थोडा थोडा वाढत राहणार, हे धरून अशा डोळ्यात डॉक्टर जरा कमी नंबरलाही टोरिक सुचवतात. उभ्या दिशेचा थोडासा सिलिंडर मात्र मुद्दाम तसाच ठेवतात.

टोरिक लेन्समध्ये वेगळं काय असतं?

साध्या लेन्सची ताकद सगळ्या दिशांनी सारखी असते. टोरिकची दोन दिशांनी वेगवेगळी असते, कॉर्नियाच्या दोन बाकांतला फरक भरून काढेल अशी. लेन्सच्या कडेला समोरासमोर बारीक खुणा असतात. त्या खुणा कॉर्नियाच्या जास्त बाकाच्या रेषेवर आणून ठेवायच्या, हे या ऑपरेशनमधलं जादा काम. बाकी सगळं नेहमीचंच. थेंब टाकून डोळा बधिर करतात, २ ते ३ मिलिमीटरची चीर देतात, फेकोने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडी केलेली लेन्स नळीतून आत सोडतात. ती आत उलगडते. डॉक्टर तिला ठरलेल्या रेषेच्या किंचित अलीकडे थांबवतात, तिच्या मागे राहिलेलं जेलीसारखं औषध काढून घेतात आणि मग शेवटचं वळण देऊन रेषेवर आणतात. ते औषध मागे राहिलं तर लेन्स त्यावरून घसरू शकते.

अनेकांना वाटतं की लेन्स त्यांच्या ॲक्सिसप्रमाणे, म्हणजे सिलिंडरच्या दिशेप्रमाणे, बनवून येते. तसं नाही. कारखान्यातून ती ठरावीक ताकदीत येते. ॲक्सिस जुळवायची ती टेबलावर, हाताने.

माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली ती १९४९ साली, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी. लढाऊ विमानाच्या पारदर्शक ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळे ते सहन करतात, हे त्यांनी युद्धकाळात पाहिलं होतं. टोरिकची पाळी बऱ्याच उशिरा आली. जपानच्या किमिया शिमिझु आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तिचे निष्कर्ष छापले, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिली टोरिक लेन्स १९९८ साली मंजूर केली. थोडक्यात, ही प्रयोगाधीन गोष्ट नाही. ती बसवून अनेक वर्षं झालेले रुग्ण आज तपासणीला येतात.

थोडी इकडेतिकडे बसली तर असं काय बिघडतं?

लेन्स ठरलेल्या रेषेपासून १ अंश सरकली की तिचा परिणाम सुमारे ३ टक्क्यांनी कमी होतो. १० अंश सरकली तर एक तृतीयांश फायदा गेला. ३० अंशांवर फायदा शून्य. त्याच्याही पुढे गेली तर मूळ सिलिंडर होता त्याहून वाढतो, म्हणजे पैसे जास्त मोजून नजर अधिक वाईट. सुरुवातीला मी मोजमापांबद्दल बोलले ते यासाठीच. लेन्स कितीही महागडी असो, रेषा चुकीची मोजली असेल तर ती त्या चुकीच्याच रेषेवर इमानदारीने काम करते.

मग तपासणीत काय काय झालं पाहिजे?

कॉर्नियाचे बाक किमान दोन वेगळ्या यंत्रांवर मोजायला हवेत आणि दोन्हींचे आकडे जुळायला हवेत. एक बायोमेट्रीचं यंत्र. ते डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाने डोळ्याची लांबी आणि बाक दोन्ही मोजतं. दुसरी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाचा रंगीत नकाशा. नकाशात सारख्या आकाराचा, सरळ डमरू दिसला तर मी निश्चिंत. डमरू वाकडा असेल किंवा एक बाजू मोठी आणि एक छोटी असेल, तर टोरिकचं पुन्हा विचारून ठरवायचं. काही यंत्रं कॉर्नियाची मागची बाजूही मोजतात. तो आकडा छोटा असतो, पण तो सोडून दिला तर काहींना गरजेपेक्षा जास्त आणि काहींना कमी ताकदीची लेन्स बसवली जाते. हल्लीची हिशेबाची सूत्रं तो धरूनच चालतात.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी बंद ठेवा, मऊ असल्या तर एकदोन आठवडे, कडक असल्या तर तीनचार. त्या कॉर्नियाचा आकार दाबून बदलतात. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसलेला माणूस संध्याकाळी थेट माझ्या यंत्रासमोर येतो. कोरड्या डोळ्यावर यंत्राची वर्तुळं तुटक उमटतात आणि लागोपाठ तीन वेळा मोजलं तर तीन ॲक्सिस येतात. अशा वेळी मी थेंब लिहून घेऊन परत बोलावते. "पुन्हा खेप कशाला?" म्हणून लोक नाराज होतात. होऊ देत. बाहुली मोठी करायचे थेंब आणि डोळ्याचं प्रेशर बघायचा स्पर्शही मोजमापानंतरच व्हायला हवा. गडबडीच्या ओपीडीत हा क्रम उलटा होतो, म्हणून लक्ष ठेवा आणि खुशाल विचारा.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळावर मांस वाढलेलं असेल तर तेही आधी बघावं लागतं. उन्हावाऱ्यात आयुष्य काढलेल्यांत ते जास्त दिसतं. आमच्याकडे कोळीवाड्यांतून येणाऱ्या काकांमध्ये मी ते नेहमी पाहते. ते मांस कॉर्नियाला ओढून खोटा सिलिंडर तयार करतं. मोठं असेल तर आधी ते काढायचं, कॉर्निया स्थिर व्हायला एकदोन महिने किंवा थोडा जास्त वेळ द्यायचा, मग पुन्हा मोजायचं.

ऑपरेशनच्या आधी बसवून डोळ्यावर पेनाने खुणा करतात. एवढ्या आधुनिक जमान्यात पेन?

हो, आणि त्यामागे कारण आहे. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो. बहुतेकांचा दोनचार अंश, काहींचा १० पेक्षाही जास्त. मोजलं बसवून आणि बसवली झोपवून, तर तेवढी चूक आधीच खात्यात जमा. म्हणून बसलेल्या अवस्थेतच संदर्भाच्या खुणा करून घेतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्ट्याला, नजर समोर लांब, मान अजिबात तिरकी नाही. थेंबाने डोळा बधिर केलेला असतो, पेनाचं टोक टेकलेलं जाणवतं पण दुखत नाही. नेमक्या त्याच क्षणी बाहेर बसलेल्या मुलाने "बाबा, पाणी हवंय का?" असं विचारलं की बाबा मान वळवतात आणि आम्ही पुसून पुन्हा सुरुवात करतो. तेव्हा नातेवाइकांनी ती दोन मिनिटं शांत राहावं, ही विनंती. शाई थेंबांनी फिकी होते म्हणून खुणा ऑपरेशनच्या थोडंच आधी करतात.

काही ठिकाणी पेनाऐवजी यंत्र असतं. तपासणीच्या वेळी डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांचा फोटो घेतात आणि ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपमध्ये त्यावरून रेषा दाखवतात. छान सोय आहे. पण नीट बसवून, बारीक टोकाने, काळजीपूर्वक केलेली पेनाची खूणही चांगलं काम देते. फक्त यंत्र नाही म्हणून रुग्णालय बदलायला मी सांगणार नाही.

टोरिक बसवली की चष्मा कायमचा सुटेल ना?

लांबचा बहुधा सुटेल किंवा अगदी किरकोळ उरेल. जवळचा नाही. साधी टोरिक एकाच अंतरावर फोकस करते आणि ते अंतर बहुतेक जण लांबचं निवडतात. पेपर, पोथी, औषधाच्या बाटलीवरची तारीख, तांदूळ निवडणं यासाठी वाचायचा चष्मा लागणार. लहानपणापासून मायनस नंबर असलेल्यांना हे जड जातं. चष्मा काढून पुस्तक नाकाशी धरून वाचायची त्यांची सवय मोडते. अशांनी डॉक्टरांना आधीच सांगावं. दोन्ही डोळे जवळच्या अंतरासाठी ठेवून लांबचा चष्मा वापरायचा, असंही करता येतं, आणि दिवसभर वाचणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या कित्येकांना तेच सोयीचं पडतं.

दोन्ही हवं असेल तर मल्टिफोकल टोरिक असते, शिवाय लांबचं आणि मधल्या अंतराचं देणारी ईडॉफ टोरिकही. मल्टिफोकलमध्ये रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि कमी उजेडात अक्षरं जरा फिकी वाटतात. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते, सगळ्यांना नाही. रात्रीची टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला मी तरी मल्टिफोकल घ्या म्हणणार नाही. मधुमेहाने डोळ्याचा मागचा पडदा खराब असेल किंवा काचबिंदू पुढे गेलेला असेल तर डॉक्टरही सहसा मल्टिफोकल टाळतात. साधी टोरिक मात्र अशा डोळ्यांतही अनेकदा बसवता येते.

लेन्स नंतर फिरली तर?

फिरायची असेल तर ती बहुधा पहिल्या काही तासांत, फार तर पहिल्या काही दिवसांत फिरते. पुढे डोळ्यातली पिशवी, म्हणजे नैसर्गिक लेन्सचं पातळ आवरण, आकसून लेन्सला धरून बसते. मोठा मायनस नंबर असलेल्यांच्या डोळ्यात पिशवीही मोठी असते, तिथे धोका जरा जास्त. शिंक आली, खोकला आला, एका कुशीवर झोपलं म्हणून लेन्स फिरली, अशी भीती बाळगू नका. डोळा चोळू नका, पहिला दिवस आराम करा, बस.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर सगळं थोडं धूसर असणं नेहमीचं आहे. आठवडा झाला तरी अक्षरांना सावली आहे असं वाटलं तर सांगा. बाहुली मोठी करून लेन्सच्या खुणा कुठे आहेत ते पाहतात. खरंच सरकलेली असेल तर एकदोन आठवड्यांनी पुन्हा आत जाऊन ती जागेवर फिरवता येते. छोटं काम असतं. फार लवकर केलं तर पुन्हा फिरू शकते, फार उशीर केला तर लेन्स पिशवीला चिकटलेली असते.

टोरिक कुणाला बसवत नाहीत?

कॉर्नियावर व्रण असेल, बाक वेडावाकडा असेल, किंवा केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) असून तो अजून वाढत असेल, तर सहसा नाही. लेन्सची पिशवी धरून ठेवणारे धागे कमजोर असतील तरी नाही. आणि ऑपरेशन चालू असताना पिशवी फाटली, तर ठरलेली टोरिक बाजूला ठेवून दुसरी लेन्स बसवावी लागते. असं क्वचित होतं, पण तसं झालं तर बिलात काय फरक पडेल, हे सही करण्याआधी विचारून ठेवा. त्यात संकोच कसला?

टोरिक परवडत नाही. मग डोळ्याचं नुकसान आहे का?

अजिबात नाही. साधी लेन्स आणि वर सिलिंडरचा चष्मा, यातही तितकंच स्वच्छ दिसू शकतं. फरक चष्मा लावावा लागण्याचा आहे, डोळ्याच्या आरोग्याचा नाही. कमी सिलिंडर असेल तर डॉक्टर चीरच जास्त बाकाच्या दिशेला देतात, त्याने थोडा कमी होतो. कॉर्नियाच्या कडेला जादा छेद देऊनही थोडाफार उतरवता येतो, मात्र त्याचा परिणाम टोरिकइतका नेमका सांगता येत नाही.

जे. जे., केईएम, सायन, नायर या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मोतीबिंदूची ऑपरेशनं कमी खर्चात होतात. रांग असते, पण कामात कसर नसते. टोरिक मिळेल का, हे तिथल्या नेत्रविभागातच विचारा. शिबिरांत अनेकदा फेकोऐवजी मोठ्या चिरेचं, बिनटाक्याचं ऑपरेशन होतं. ते चांगलंच असतं, पण मोठ्या चिरेने कॉर्नियाचा बाक स्वतःच थोडा बदलतो, त्यामुळे टोरिकचा हिशेब तिथे तेवढा पक्का बसत नाही.

मेडिक्लेम टोरिकचे पैसे देतो का?

पॉलिसी काढून ठेवा. दोन गोष्टी शोधा, मोतीबिंदूसाठीचा प्रतीक्षा काळ (अनेक पॉलिसींत तो २ वर्षांचा असतो) आणि प्रत्येक डोळ्यामागची मर्यादा. मर्यादेच्या वरची रक्कम, म्हणजे बहुधा लेन्सचाच फरक, खिशातून जाते. कॅशलेस असेल तर लेन्सचं नाव घालून आधी मंजुरी मागवा. तोंडी "होऊन जाईल" यावर विसंबू नका, डिस्चार्जच्या दिवशी तो माणूस काउंटरवर नसतो.

पावसाळ्यात करू की गणपती झाल्यावर?

पावसाळा टाळायची समजूत जुन्या काळच्या ऑपरेशनची आहे. तेव्हा मोठी चीर, टाके आणि पुष्कळ दिवसांची विश्रांती लागायची. आता ऋतूने फरक पडत नाही. तुंबलेल्या पाण्यातून तपासणीला यायचं असेल तर तेवढ्यापुरता विचार करा. गणपतीच्या तोंडावर मात्र मी स्वतः नको म्हणेन. घरात पाहुणे, गुलाल, डोक्यावरून अंघोळ आणि थेंबांच्या वेळा, काहीच सांभाळलं जात नाही.

"पिकू दे, मग करू" हेही सोडा. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, तो फोडायला जास्त ताकद लागते. शिवाय काही यंत्रांचा प्रकाश त्यातून पलीकडे जात नाही. मग डोळ्याची लांबी स्पर्श करून, सोनोग्राफीने मोजावी लागते, आणि त्यात चूक व्हायला जास्त वाव असतो.

एमआरआय चालेल का? लेन्स किती वर्षं टिकते?

चालेल, लेन्स प्लॅस्टिकसारख्या ॲक्रिलिकची असते. टिकते आयुष्यभर. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तिच्या मागची पिशवी धुरकट झाली तर यॅग लेसरने पाचेक मिनिटांत साफ करतात, त्याला पुन्हा मोतीबिंदू झाला असं म्हणत नाहीत. डिस्चार्जच्या वेळी लेन्सचा स्टिकर लावलेलं कार्ड मिळतं. त्यावर ताकद आणि सिलिंडर दोन्ही छापलेले असतात. फोटो काढून मुलांच्या फोनमध्येही ठेवा.

एक डोळा झाला, दुसरा महिन्याभराने आहे. मधल्या काळात जुना चष्मा कसा लावू?

मोठा नंबर असेल तर जुना चष्मा चालत नाही, झालेल्या डोळ्याला त्याची काच नको असते. चष्मेवाल्याकडे जाऊन त्या बाजूची काच काढून घ्या किंवा बिननंबरची बसवून घ्या. दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असेल तर डोकं जड होतं, जिने उतरताना पायरीचा अंदाज चुकतो. तेवढे दिवस रेल्वेच्या पुलावर कठडा धरूनच उतरा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या डोळ्याची तारीख अलीकडे घ्यायला सांगा. पक्का नवा चष्मा चारसहा आठवड्यांशिवाय करू नका, तोवर नंबर स्थिर होत नाही. वाचायला घाई असेल तर तयार मिळणारा स्वस्तातला वाचायचा चष्मा तात्पुरता चालतो.